उंबरठ्यापासून सुरू झालेलं शास्त्र

२६ एप्रिल १९९९. लंडनच्या फुलम भागात जिल डँडो आपल्या घराच्या दाराशी पोचल्या आणि तिथेच कुणीतरी त्यांना गोळी घातली. बीबीसीच्या ‘क्राइमवॉच’मधून न उकललेले गुन्हे लोकांपुढे मांडणाऱ्या या बाईंच्याच खुनाचा छडा आजतागायत लागलेला नाही. त्यांचे सहनिवेदक निक रॉस यांनी मात्र एक ध्यास घेतला, आणि २००१ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जिल डँडो इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथल्या शास्त्राचं ‘क्राइम सायन्स’ हे नावही रॉस यांचंच.

माणूस गुन्हेगार का झाला, हा जुना प्रश्न. इथे आधी विचारतात, गुन्हा जमला कसा? पहिल्या संचालक ग्लोरिया लेकॉक मूळच्या मानसशास्त्राच्या. गृहखात्यात पोलिसांसाठीचं संशोधन सांभाळून आलेल्या.

चोरी होऊन गेली की आपण म्हणतो, आता कशाला येतोय चोर परत! तो येतो. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत गुन्हेशास्त्रज्ञ केन पीज आणि सहकाऱ्यांना दिसलं, की तीच ती घरं पुन्हा फुटताहेत. घरात गॅस-विजेचे मीटर होते नाणी टाकायचे, म्हणजे चोरासाठी भरलेला गल्लाच. ते मीटर काढले, कड्या-कुलपं पक्की केली, आजूबाजूच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. वर्षभरात घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या. किती साधं, आणि किती उशिरा सुचलेलं! पुढे जिल डँडो इन्स्टिट्यूटमध्ये शेन जॉन्सन आणि केट बॉवर्स यांनी रोगराईचा माग काढायची पद्धत घरफोड्यांना लावली. एक घर फुटलं की काही आठवडे शेजारच्या घरांनाही धोका वाढतो, हे त्यातून दिसलं.

२००९मध्ये संशोधक घडवणारं प्रशिक्षण केंद्रही इथे सुरू झालं. रसायन, संगणक, संख्याशास्त्र, मानसशास्त्र अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेली मुलं आधी एकत्र शिकायची, मग आपापल्या संशोधनाला लागायची. मला ही एकत्र बसण्याची सक्तीच मोलाची वाटते. समजा, विमानतळावर स्फोटकं हुंगणारं यंत्र बसवायचंय. ते बनवेल रसायनवाला. पण शंभर बॅगांमागे एकदा जरी उगाच भोंगा वाजला, तर लाख बॅगांत तो हजारदा वाजणार, हे सांगेल संख्याशास्त्रवाली. आणि हजारदा फसलेला तपासनीस खऱ्या भोंग्यालाही मान वर करणार नाही, हे त्या दोघांना तिसऱ्याकडूनच ऐकावं लागतं.