ख्रिस्ताचे ईश्वरत्व

ख्रिस्ताचे ईश्वरत्व : नासरेथचा येशू हा केवळ प्रेषित वा धर्मोपदेशक नसून तो पूर्ण ईश्वर व पूर्ण मानव आहे, या अर्थाचा ख्रिस्ती धर्मातील मूलभूत सिद्धांत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट पंथांना तो मान्य आहे. ईश्वर एकच आहे, ही यहुदी धर्माकडून आलेली श्रद्धा कायम ठेवून येशूचीही उपासना कशी करता येईल, या प्रश्नातून हा सिद्धांत घडत गेला. त्याची परिभाषा मुख्यतः इ. स. ३२५ ते ४५१ या काळातील चार धर्मपरिषदांत निश्चित झाली. पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे एकाच ईश्वराचे त्रैक्य मानणाऱ्या सिद्धांताशी तो निगडित आहे.

संज्ञा : ‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ अभिषिक्त असा असून ‘ख्रिस्तोस’ हा त्याचाच ग्रीक पर्याय होय. प्राचीन इझ्राएलमध्ये राजे व महायाजक यांना तेलाचा अभिषेक होत असे. पुढे परकीय सत्तेच्या काळात दाविदाच्या वंशात जन्मणारा एक अभिषिक्त राजा राष्ट्राचा उद्धार करील, अशी अपेक्षा यहुदी समाजात रूढ झाली. हा मशीहा ईश्वराने निवडलेला असला, तरी तो मनुष्यच असेल अशी सर्वसाधारण कल्पना होती. ‘देवपुत्र’ हे विशेषणही हिब्रू धर्मग्रंथांत राजाला व कधी संपूर्ण इझ्राएल राष्ट्राला लावलेले आढळते. त्यामुळे येशूला मशीहा वा देवपुत्र म्हणणे आणि त्याला ईश्वर मानणे या मुळात एकच गोष्ट नव्हत. पहिलीतून दुसरी कशी निष्पन्न झाली, हा ख्रिस्ती विचाराच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

नव्या करारातील आधार : नव्या करारातील सर्वांत जुने लेखन म्हणजे संत पॉलची पत्रे. ती येशूच्या मृत्यूनंतर सु. वीस ते तीस वर्षांत लिहिली गेली. त्यांत येशूला सर्रास ‘किरिऑस’ म्हणजे प्रभू म्हटले आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द ईश्वराच्या पवित्र नामाऐवजी योजलेला होता. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील एका स्तोत्रवजा उताऱ्यात ख्रिस्त मूळचा ईश्वरस्वरूप असून त्याने स्वतःस रिक्त केले, दासाचे रूप घेतले व क्रूसावरील मरण पतकरले, असा आशय आहे. ‘मारानाथा’ हे प्रभूला येण्याची विनवणी करणारे अरेमाइक भाषेतील संबोधनही पॉलने दिले आहे. त्यावरून येशूला प्रभू म्हणून आळविण्याची प्रथा पॅलेस्टाइनमधील अरेमाइकभाषी अनुयायांतच सुरू झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

योहानाच्या शुभवर्तमानात ही भूमिका अधिक स्पष्ट होते. आरंभी ईश्वरासह असलेला व स्वतः ईश्वर असलेला ‘लोगॉस’ म्हणजे शब्द देहधारी झाला, असे त्याच्या प्रास्ताविकात प्रतिपादिले आहे. पुनरुत्थित येशूला पाहून थॉमस हा शिष्य त्याला आपला प्रभू व देव म्हणतो, असा प्रसंगही या शुभवर्तमानाच्या अखेरीस येतो. उलट पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशू प्रार्थना करतो, त्याला भूक लागते, तो व्याकुळ होतो. अंतिम दिवसाची घटका केवळ पित्यालाच ठाऊक आहे, असेही तो सांगतो. या दोन प्रकारच्या उल्लेखांचा मेळ घालणे हेच पुढील सर्व वादांचे मूळ होय. उपासनेतील प्रथा मात्र सिद्धांताच्या पुढे होती. बिथिनियाचा रोमन प्रशासक धाकटा प्लिनी याने इ. स. सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनला पाठविलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक पहाटे एकत्र जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असे कळविले आहे.

आरंभीची मते : पहिल्या तीन शतकांत अनेक उत्तरे पुढे आली. दत्तकवादी मतानुसार येशू मूळचा मनुष्य असून बाप्तिस्म्याच्या वा पुनरुत्थानाच्या वेळी ईश्वराने त्याचा पुत्र म्हणून स्वीकार केला. आभासवादी मताने दुसरे टोक गाठले : ख्रिस्ताचे शरीर व त्याच्या यातना हा केवळ भास होता, कारण ईश्वर जड देहात उतरणे व दुःख भोगणे शक्य नाही. पिता व पुत्र ही एकाच ईश्वराची वेगवेगळ्या वेळी प्रकट झालेली रूपे होत, असे सॅबेलिअसच्या अनुयायांचे मत होते. चर्चने ही तिन्ही मते अमान्य केली. तथापि त्यांच्या जागी सर्वमान्य परिभाषा मात्र अद्याप तयार झाली नव्हती.

आरियसचा वाद व निकाया परिषद : अलेक्झांड्रियातील धर्मगुरू आरियस (सु. २५६–३३६) याने इ. स. ३१८ च्या सुमारास मांडलेल्या मताने हा प्रश्न ऐरणीवर आणला. आरियस येशूला सामान्य मनुष्य मानीत नव्हता. पुत्र हा सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झालेला व तिच्या निर्मितीचे साधन ठरलेला आहे, हे त्याला मान्य होते. परंतु अनादी व अजन्मा असा एकच ईश्वर असू शकतो; पुत्र जन्म पावला असेल, तर तो नव्हता अशी अवस्था पूर्वी असलीच पाहिजे; म्हणून पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्मितच होय, असा त्याचा युक्तिवाद होता. एकेश्वरवादाचे रक्षण हा त्यामागील हेतू असल्यामुळे हे मत अनेकांना पटले.

वादामुळे साम्राज्यातील ऐक्य धोक्यात येत आहे, हे पाहून सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ. स. ३२५ मध्ये निकाया (सध्याच्या तुर्कस्तानातील इझ्निक) येथे बिशपांची परिषद बोलाविली. पारंपरिक आकडा ३१८ असला, तरी प्रत्यक्ष उपस्थिती २०० ते ३०० च्या दरम्यान असावी. पुत्र हा निर्मित नसून जनित आहे आणि तो पित्याशी ‘होमोऊसिऑस’ म्हणजे समतत्त्व आहे, असा निर्णय परिषदेने दिला. हा शब्द बायबलमध्ये नसल्यामुळे तो अनेकांना खटकला. त्याऐवजी ‘होमोइऊसिऑस’ म्हणजे सदृशतत्त्व हा शब्द एका गटाने सुचविला. दोहोंत एका इओटा अक्षराचाच फरक असला, तरी ख्रिस्त ईश्वर आहे की ईश्वरासारखा आहे, हा भेद त्यात सामावलेला होता.

निकायाच्या निर्णयाने वाद मिटला नाही. सम्राट कॉन्स्टँशिअस दुसरा (कार. ३३७–६१) हा निकायाविरोधी गटांना अनुकूल होता. निकायाचा प्रमुख पुरस्कर्ता, अलेक्झांड्रियाचा बिशप ॲथेनेशिअस (सु. २९६–३७३) याला पाच वेळा पदच्युत होऊन सु. १७ वर्षे हद्दपारीत काढावी लागली. त्याचा युक्तिवाद तत्त्वज्ञानापेक्षा मुक्तीच्या कल्पनेवर आधारलेला होता. मृत्यूच्या अधीन झालेल्या मानवाला ईश्वरी जीवनात सहभागी करून घेणे हे ईश्वराचेच सामर्थ्य आहे. एक निर्मित दुसऱ्या निर्मिताला ईश्वराशी जोडू शकत नाही. शिवाय ख्रिस्त निर्मित असेल, तर त्याच्या नावाने बाप्तिस्मा देणे व त्याची उपासना करणे ही मूर्तिपूजाच ठरेल. अशा रीतीने या वादात एका शब्दाबरोबर ख्रिस्ती उपासनेचे व मुक्तीचे समर्थनही पणाला लागले होते.

बेसिल, नझायन्झसचा ग्रेगरी व निसाचा ग्रेगरी या तीन कॅपाडोशियन आचार्यांनी ‘तत्त्व’ (ऊसिया) व ‘व्यक्ती’ (हिपॉस्टॅसिस) यांतील भेद स्पष्ट केला. तत्त्व एक व व्यक्ती तीन, या सूत्रामुळे एकेश्वरवाद अबाधित ठेवून पुत्राचे ईश्वरत्व मांडणे शक्य झाले. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने निकायाच्या भूमिकेस दुजोरा दिला. साम्राज्याबाहेरील गॉथ इ. जर्मानिक टोळ्यांत मात्र आरियसचे मत पुढे दीर्घकाळ टिकले. स्पेनच्या व्हिसिगॉथांनी इ. स. ५८९ मध्ये टोलीडोच्या परिषदेत त्याचा त्याग केला.

ईश्वरत्व व मानवत्व यांचा संबंध : ख्रिस्त पूर्ण ईश्वर आहे, हे ठरल्यावर तो पूर्ण मनुष्य कसा, हा प्रश्न उभा राहिला. ख्रिस्तात मानवी बुद्धीची जागा ईश्वरी शब्दाने घेतली होती, हे अपॉलिनेरिसचे मत ३८१ मध्ये त्याज्य ठरले. ख्रिस्ताने मानवाचा जो अंश स्वीकारला नाही त्याचा उद्धारही झाला नाही, असा नझायन्झसच्या ग्रेगरीचा आक्षेप होता. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याने मेरीला ‘थिओटोकॉस’ (ईश्वरमाता) म्हणण्यास हरकत घेतली. कारण मेरीपासून जन्मले ते ख्रिस्ताचे मानवत्व होय, असे त्याचे म्हणणे होते. यामुळे ख्रिस्ताचे दोन व्यक्तींत विभाजन होते, असा आक्षेप अलेक्झांड्रियाच्या सिरिलने घेतला. इ. स. ४३१ च्या एफिससच्या परिषदेत नेस्टोरियस पदच्युत झाला. यानंतर युटिकीझने दुसरे टोक गाठून, ऐक्यानंतर ख्रिस्तात एकच स्वभाव उरला, असे मत मांडले.

इ. स. ४५१ मध्ये कॅल्सिडॉन येथे भरलेल्या परिषदेने या मतांमधून मार्ग काढला. ख्रिस्त ही एकच व्यक्ती असून तिच्या ठायी ईश्वरी व मानवी असे दोन स्वभाव आहेत. त्यांची सरमिसळ होत नाही, त्यांत पालट होत नाही, त्यांचे तुकडे पडत नाहीत व त्यांची ताटातूटही होत नाही, असा तिच्या निर्णयाचा आशय आहे. ऐक्य कसे घडते याचे स्पष्टीकरण येथे नाही. कोणत्या मर्यादा ओलांडू नयेत एवढेच सांगितले आहे. इजिप्तमधील कॉप्टिक तसेच सिरियन, आर्मेनियन व इथिओपियन चर्चनी हा निर्णय स्वीकारला नाही. ख्रिस्ताचा देहधारी स्वभाव एक, ही सिरिलची परिभाषा त्यांनी कायम ठेवली. इराणमधील पूर्वेच्या चर्चने नेस्टोरियसचा निषेध मान्य केला नाही. ही फूट आजही आहे. तथापि पोप सहावा पॉल व कॉप्टिक चर्चचे पोप तिसरे शनूदा यांनी १९७३ मध्ये आणि पोप दुसरा जॉन पॉल व पूर्वेच्या अॅसिरियन चर्चचे चौथे मार दिन्खा यांनी १९९४ मध्ये संयुक्त निवेदने प्रसिद्ध करून ख्रिस्ताविषयीची आपली श्रद्धा समान असल्याचे मान्य केले.

विरोधी व चिकित्सक मते : यहुदी धर्माला येशूचे मशीहापण व ईश्वरत्व दोन्ही अमान्य आहेत. इस्लाममध्ये ईसा हा थोर प्रेषित असून कुराणात त्याला ‘मसीह’ म्हटले आहे. पण ईश्वराला पुत्र असणे कुराणाला सर्वथा अमान्य आहे. धर्मसुधारणेच्या काळात त्रैक्य नाकारणाऱ्या मिगेल सर्व्हेटसला १५५३ मध्ये जिनीव्हा येथे जिवंत जाळण्यात आले. फाउस्टस सोसायनस (१५३९–१६०४) याच्या व नंतरच्या युनिटेरियन पंथाच्या मते येशू हा आदर्श मानव व गुरू होय. अठराव्या शतकापासून शुभवर्तमानांची ऐतिहासिक चिकित्सा सुरू झाली. इतिहासातील येशू व श्रद्धेतील ख्रिस्त असा भेद तीतून पुढे आला. विसाव्या शतकात कार्ल बार्टने ईश्वर ख्रिस्तातच प्रकट होतो, या भूमिकेचा जोरकस पुरस्कार केला. तर जॉन हिकने संपादित केलेल्या १९७७ मधील ग्रंथात देहधारणेची कल्पना मिथ्यकथा म्हणून समजून घ्यावी, असे प्रतिपादण्यात आले.

भारतीय संदर्भ : पाचव्या शतकातील वादाचे पडसाद केरळमध्ये उमटले. तेथील सिरियन ख्रिस्ती समाजाचा संबंध पूर्वेच्या चर्चशी होता. गोव्याचे आर्चबिशप आलेशू द मिनेझिश यांनी १५९९ मध्ये भरविलेल्या उदयंपेरूरच्या धर्मसभेत नेस्टोरियसच्या मतांचा धिक्कार करण्यात आला व सिरियाक ग्रंथ दुरुस्त वा नष्ट करण्याचे हुकूम निघाले. १६५३ च्या मट्टंचेरी येथील शपथेनंतर या समाजात फूट पडली. परिणामी रोमशी संलग्न, अँटिऑकच्या परंपरेतील व पूर्वेच्या चर्चशी संबंधित असे तिन्ही प्रवाह आज केरळात नांदतात.

राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नैतिक उपदेशाचे संकलन प्रसिद्ध केले. येशूच्या शिकवणुकीबद्दल आदर व त्याच्या ईश्वरत्वाचा अस्वीकार, या त्यांच्या भूमिकेवरून श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला; तथापि त्रैक्य व ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी त्यांनी आपल्या इंग्लंडमधील मार्गदर्शक स्त्रियांपाशी पत्रांतून निर्भीडपणे शंका उपस्थित केल्या. केवळ अधिकाराच्या बळावर सिद्धांत स्वीकारण्यास त्यांनी दिलेला नकार हा या पत्रव्यवहाराचा विशेष होय.

मराठीत हा विषय प्रथम विस्ताराने मांडला तो गोव्यातील इंग्रज जेझुइट टॉमस स्टीव्हन्स याने. त्याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. परमेश्वर, वैकुंठ यांसारखे रूढ शब्द वापरूनच त्याने ख्रिस्तचरित्र सांगितले. ना. वा. टिळक यांनी संतांच्या परंपरेतील भक्तीची भाषा ख्रिस्ताला वाहिली. त्यांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.

भारतीय वाचक ख्रिस्ताच्या देहधारणेची तुलना स्वाभाविकपणे अवताराशी करतो. ईश्वर मानवाच्या कल्याणासाठी पृथ्वीवर येतो, ही कल्पना दोहोंत समान आहे. परंतु अवतार अनेक असू शकतात व ते कार्यानुसार होतात. ख्रिस्ती मतानुसार देहधारणा इतिहासात एकदाच घडली आणि तीत स्वीकारलेले मानवत्व कार्य संपल्यावर टाकून दिले जात नाही, पुनरुत्थानानंतरही ते कायम राहते. शिवाय दुर्जनांच्या पारिपत्याऐवजी येथे ईश्वराने स्वतः यातना व मृत्यू पतकरण्यावर भर आहे. निकायाच्या परिषदेस २०२५ मध्ये १,७०० वर्षे पूर्ण झाली. तिने संमत केलेल्या व पुढे विस्तार पावलेल्या श्रद्धासूत्राचे पठण परस्परांपासून दुरावलेल्या अनेक चर्चच्या उपासनेत आजही होते.