जहाजावर कोणता पंप कुठे?

जहाजावर पंप निवडताना तीन प्रश्न विचारावे लागतात. कोणता द्रव उपसायचा? किती आणि किती दाबाने? आणि तो पंपापर्यंत पोचणार कसा? तिसरा प्रश्न मागे पडतो, पण पंप बिघडतो तो बहुधा तिथेच.

समुद्राचं पाणी पातळ आणि हवं तेवढं. इंजिन थंड ठेवणं, बॅलास्ट टाक्या भरणं, आग विझवणं या कामांना सेंट्रिफ्यूगल पंप लावतात. इंपेलर मधोमध आलेलं पाणी कडेला भिरकावतो आणि त्या वेगाचा दाब होतो. खाऱ्या पाण्यात टिकावा म्हणून इंपेलर बहुधा ब्राँझचा असतो. हवा मात्र या पंपाला खेचता येत नाही. म्हणून तो जलरेषेच्या खाली बसवतात, नाहीतर आधी प्रायमिंग करून हवा काढावी लागते.

ल्युब ऑइल आणि इंधन घट्ट. तिथे गिअर किंवा स्क्रू पंप. गिअरच्या दातांमधल्या खाचांत अडकलेलं तेल आवरणाच्या कडेने पुढे सरकतं आणि दर फेऱ्याला जवळपास ठरावीक माप बाहेर पडतं. डिस्चार्ज, म्हणजे बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, बंद राहिला तर दाब चढतच जातो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, आणि सुरू करण्यापूर्वी डिस्चार्ज उघडायचा. सेंट्रिफ्यूगल पंप याउलट डिस्चार्ज बंद ठेवून सुरू करतात, म्हणजे मोटारवर भार कमी येतो. मग लगेच तो उघडायचा.

इंजिन रूमच्या तळाशी साचलेलं बिल्जचं तेलकट पाणी समुद्रात सोडताना त्यात तेल दहा लाख भागांत 15 पेक्षा जास्त चालत नाही, असा मार्पोल या समुद्रप्रदूषणविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. सेंट्रिफ्यूगल पंपाने ते घुसळून निघतं आणि सेपरेटरला तेल वेगळं करणं जड जातं. म्हणून तिथे हळुवार चालणारा पिस्टन किंवा मोनो पंप.

आता तिसरा प्रश्न. सक्शनच्या, म्हणजे आत ओढण्याच्या, बाजूला पंप फक्त दाब कमी करतो. पाणी वर चढवतो तो बाहेरच्या हवेचा दाब. हिशेबाने ही उंची जेमतेम 10 मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. सक्शनला दाब फार उतरला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढताच ते फुटतात आणि इंपेलरला खड्डे पाडतात. पंपात खडी घुसल्यासारखा आवाज येतो. हेच कॅव्हिटेशन.

आणीबाणीच्या फायर पंपाची निवड म्हणूनच कठीण. इंजिन रूममध्ये आग लागली तरी तो चालायला हवा, म्हणून जागा तिच्याबाहेर. जहाज रिकामं असताना जलरेषा खाली जाते, सक्शनची उंची वाढते. हिशेब त्याच स्थितीचा धरायचा.