वेरूळच्या भिंतीत भांग कशाला?

सातपुड्यातल्या कुडाच्या घराची भिंत जवळून बघितली आहे? बांबूच्या ताट्यांवर शेणमातीचा लेप असतो. लेपात भुसा का कालवायचा, हे घर लिंपणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा. नुसती माती वाळली की तडकते, काडीने ती धरून राहते.

वेरूळच्या लेण्यांमध्ये चित्रांखाली मातीचा असाच गिलावा आहे. त्यात काय कालवलंय, हे पुरातत्त्व खात्यातले रसायनशास्त्रज्ञ एम. आर. सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी तपासलं. त्यांचा शोधनिबंध 2016 साली ‘करंट सायन्स’मध्ये आला.

आता हजार वर्षांपूर्वीची काडी ओळखायची कशी? त्यांनी गिलाव्यातून वनस्पतीचे तुकडे वेगळे काढले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना ताज्या झाडांशी ताडून पाहिली. जोडीला अवरक्त किरणांची चाचणी केली. प्रत्येक पदार्थ हे किरण आपापल्या पद्धतीने शोषतो, त्यावरून तो ओळखता येतो. उत्तर आलं: भांग! होळीला घोटतात तेच झाड, पण इथे कामाला आलं त्याचं खोड. गिलाव्यात त्याचं प्रमाण साधारण 10 टक्के होतं.

भांगेचा धागा माती बांधून ठेवतो. खोडाचा सच्छिद्र गाभा ओल शोषतो आणि सोडतो. कीडही दूर राहते, असं संशोधकांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांचं किडीने बरंच नुकसान केलंय. अर्थात, एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. दोन्हीकडची ओल, वटवाघळं, माणसांची वर्दळ हेही बघावं लागतं.

मग हे कळून उपयोग काय? दुरुस्ती करताना होतो. 1920 च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांना लाखेचं व्हार्निश लावलं. हेतू चांगलाच होता. पण लाख पुढे पिवळी पडली आणि ती काढणं हेच संवर्धकांचं मोठं काम होऊन बसलं. लावलेली वस्तू पुढे सहज काढता यावी, हा आज या शास्त्राचा पहिला नियम आहे.

आपल्याकडेही मातीच्या जुन्या भिंतीवर ‘पक्कं काम’ म्हणून सिमेंट थापतात. ओल आतच कोंडते, मागची माती भुसभुशीत होते आणि काही पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा मातीसकट खाली येतो. म्हणून थापी हातात घेण्याआधी आजीला एकदा विचारा, भिंतीत काय काय घातलंय. संवर्धनशास्त्राची सुरुवातही याच प्रश्नापासून होते.