फौजेतून घरी आलेले ‘हे’

लवासाच्या डोंगरात राहा की मुळशीच्या गावात, फौजी यजमान निवृत्त झाले की वाटतं, आता सुख! पण हे सदा थकलेले, चिडचिडे, जवळीकही नको. भगिनींनो, दोष स्वतःकडे घेऊ नका. मन खचलं असेल, किंवा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी झालं असेल. मधुमेह, लठ्ठपणानंही ते घटतं. सकाळी, दोन वेगळ्या दिवशी रक्त तपासून घ्या. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहेच. ऐकीव इंजेक्शन मात्र नको! रक्त दाट होऊ शकतं. शिपाई तर चाळिशीच्या आसपासच घरी येतात. मूल हवं असेल तर हे औषध नकोच, शुक्रजंतू घटतात. आणि जेल चोळलेल्या खांद्यावर सदरा घातल्याशिवाय लेकरू कडेवर देऊ नका.