धूमकेतूच्या पोटातून आलेली ‘ओ’

उन्हाळ्याच्या तोंडावर आई माठ आणायला निघाली की तिच्याबरोबर जा आणि तिचे हात बघा. ती माठ उचलते, डाव्या तळव्यावर तोलते आणि उजव्या हाताच्या पेराने टकटक करते. खणखणीत आवाज आला तर माठ घरी येतो. आवाज बद्द आला, की ती तो खाली ठेवून पुढचा उचलते. तडा डोळ्यांना दिसलेला नसतो, पण कानांपासून तो लपत नाही.

न फोडता आतलं कळणं मला फार आवडतं. आता असा विचार करा, की हा माठ चार किलोमीटर लांब आहे आणि आपल्यापासून ५१ कोटी किलोमीटरवर आहे. शिवाय त्याच्याभोवती हवा नाही, म्हणजे कितीही टकटक करा, आवाज काही येणार नाही. मग तो वाजवायचा कसा?

हा माठ म्हणजे एक धूमकेतू. १९६९ साली क्लिम चुर्युमोव आणि स्वेतलाना गेरासिमेंको यांनी तो शोधला. दोघांची आडनावं जोडून त्याचं नाव एवढं लांबलचक झालं, की सगळे त्याला ६७पी म्हणूनच ओळखतात. एक मोठा गोळा, एक लहान गोळा आणि मध्ये मान, असा तो थेट बदकासारखा दिसतो. युरोपचं रोझेटा यान मार्च २००४ मध्ये निघालं आणि ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच्यापाशी पोहोचलं. १२ नोव्हेंबरला त्याने फिली नावाचं पिल्लू धूमकेतूवर सोडलं.

आवाज नाही, तर रेडिओलहरी! भिंतीवर टॉर्च मारला तर उजेड अलीकडेच अडतो, पण दार लावून घेतलं तरी खोलीतला एफएम रेडिओ वाजतोच. लांब लहरी अशा आरपार जातात. रोझेटावरच्या ‘कॉन्सर्ट’ नावाच्या रडारने ९० मेगाहर्ट्झची लहर वापरली होती. घरातल्या एफएमचे आकडे बघा, ८८ ते १०८ असतात ना? म्हणजे ही लहर तिथलीच. सेकंदाला नऊ कोटी हेलकावे, आणि एकेक हेलकावा सव्वातीन मीटरहून थोडा लांब.

आपल्या ओळखीचं रडार लहर सोडतं आणि तिचा प्रतिध्वनी ऐकतं. कॉन्सर्टची रीत वेगळी होती. रोझेटा धूमकेतूच्या एका बाजूला, फिली दुसऱ्या बाजूला. रोझेटाने हाक मारायची. ती धूमकेतूच्या आतून फिलीपर्यंत पोहोचली, की फिलीने त्याच वाटेने ‘ओ’ द्यायची. एकतर्फी हाक का चालली नसती? कारण दोन यानांवरची दोन घड्याळं, आणि मोजायचा होता सेकंदाच्या लाखो तुकड्यांपैकी एखाददुसरा तुकडा. घड्याळं एवढी तंतोतंत जुळलेली राहत नाहीत. म्हणून फिली रोझेटाच्या हाकेवरच आपला ठेका धरायचा आणि मग उत्तर पाठवायचा. ही युक्ती कळली तेव्हा मी खरंच टाळी वाजवली!

उतरताना मात्र गडबड झाली. जमिनीत रुतणारे भाले सुटलेच नाहीत. फिली उसळला, जवळजवळ दोन तास तरंगत राहिला आणि भलतीकडेच एका कड्याच्या सावलीत जाऊन अडकला. ऊन नाही, म्हणजे बॅटरी भरायची सोय नाही. पण त्याच रात्री रोझेटाने हाक मारली, आणि लहान गोळ्याच्या आतून, शेकडो मीटर वाट काढत, ‘ओ’ आली. साधारण नऊ तास हे बोलणं चाललं.

त्या उत्तरात काय होतं? उशीर. मोकळ्या अवकाशात रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते. घट्ट बर्फात ती १ लाख ७० हजारांच्या आसपास येते. ६७पीच्या पोटात तिचा वेग निघाला सुमारे २ लाख ६६ हजार! म्हणजे अर्धा किलोमीटर जायला मोकळ्या जागेपेक्षा सेकंदाचा जेमतेम ५० लाखावा भाग जास्त. एवढं कमी अडखळायचं कारण एकच, आत अडवायला फारसं काही नव्हतंच. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे व्लोदेक कॉफमन आणि त्यांच्या चमूने हिशेब मांडला: धूमकेतूचा तो भाग ७५ ते ८५ टक्के पोकळ!

पोकळ म्हणजे आत मोठमोठ्या गुहा असतील का? तशा असत्या तर लहर त्यांच्यावर आपटून विखुरली असती आणि ‘ओ’ घुमत, फाटत आली असती. ती आली स्वच्छ, एकच टोकदार. म्हणजे पोकळी आहे ती बारीक बारीक, धूळ आणि बर्फाच्या कणांमध्ये पसरलेली.

गिरणीतून दळण आणलं की पीठ डब्यात काठोकाठ भरतं. मग आजी डबा जमिनीवर दोन-तीनदा आपटते आणि पीठ चार बोटं खाली बसतं. कणांमधली हवा निघून गेलेली असते. ६७पी म्हणजे न आपटलेला डबा. त्याचं गुरुत्व इतकं कमी, की पृथ्वीवर १०० किलोचा फिली तिथे जेमतेम एका ग्रॅमचा होतो, मग स्वतःच्या भाराने तरी धूमकेतू कसा दबणार? म्हणून बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं, की सूर्यमाला नवी होती तेव्हा, सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी, हे कण एकमेकांना हळूच येऊन चिकटले असावेत. जोराने आदळले असते तर ठेचून घट्ट झाले असते.

फिलीची बॅटरी तीनेक दिवसांत संपली. तो नेमका कुठे पडलाय, हे कुणाला दिसत नव्हतं. पण ‘ओ’ किती वेळात आली यावरून तो किती अंतरावर आहे हेही कळत होतं, आणि त्यावरून शास्त्रज्ञांनी नकाशावर एक चिंचोळी पट्टी आखून ठेवली. २ सप्टेंबर २०१६ रोजी रोझेटा धूमकेतूच्या पावणेतीन किलोमीटर जवळ गेलं आणि त्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. अंधाऱ्या कपारीत, कुशीवर कलंडलेला, पाय वर केलेला फिली त्यात स्पष्ट दिसत होता.