काम देणारा आणि दाम मागणारा

हिंगोली हा महाराष्ट्रातील अलीकडे निर्माण झालेल्या जिल्ह्यांपैकी एक. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. कयाधू नदीच्या काठचा हा मुलूख मुख्यत्वे शेतीवर जगतो. वसमतच्या हळदीचा लौकिक दूरवर पसरला आहे. सोयाबीन, कापूस आणि तूर हीही येथील पिके होत. परंतु शेती पुष्कळशी पावसाच्या भरवशावर आणि मोठे कारखाने थोडे. त्यामुळे शिक्षण पुरे होताच येथील अनेक तरुण नांदेड, पुणे, मुंबई, हैदराबाद अशा शहरांची वाट धरतात.

पूर्वी कामाची वार्ता शहरातून परतलेल्या माणसाकडून, पोस्टाच्या पत्रातून किंवा वर्तमानपत्रातील जाहिरातीतून कळे. आता ती हातातील मोबाइलवर येते. ही मोठीच सोय झाली. खेड्यातील मुलगीही पुण्याच्या कारखान्यातील जागेसाठी घरबसल्या अर्ज करू शकते. तिचा प्रवासखर्च आणि दिवस दोन्ही वाचतात. परंतु ज्या वाटेने सावकार येतो, त्याच वाटेने चोरही येतो. म्हणून वाट सोडून देऊ नये; येणारा कोण, हे ओळखावयास शिकावे.

समजा, थोरल्या भावाच्या मोबाइलवर असा संदेश आला : ‘अभिनंदन! रेल्वेत आपली निवड झाली आहे. दरमहा वेतन ३५,००० रुपये. नोंदणीसाठी आजच १,५०० रुपये भरा.’ घरात आनंदीआनंद होईल. परंतु क्षणभर थांबून विचार करा. भावाने अर्ज कधी केला होता? परीक्षा कोठे झाली? ज्यांनी त्याला पाहिलेच नाही, त्यांनी त्याची निवड कशावरून केली? आणि पैसे ‘आजच’ का हवेत? कारण उघड आहे. एका रात्रीचा अवधी मिळाला, तर भाऊ कोणा जाणत्या माणसास विचारील आणि लबाडी उघडकीस येईल. म्हणून ठक नेहमी घाई करतो.

१,५०० रुपये भरले म्हणजे हे प्रकरण संपत नाही. पुढे गणवेशाचे, वैद्यकीय तपासणीचे, प्रशिक्षणाचे, अनामत रकमेचे पैसे मागितले जातात. प्रत्येक वेळी मनात येते, ‘आता थांबलो तर आधीचे बुडतील.’ वास्तविक आधीचे केव्हाच बुडालेले असतात. ते वाचवण्याच्या आशेने माणूस आणखी रक्कम बुडवतो. अशा रीतीने हळदीचे आलेले पैसे जातात, दागिने गहाण पडतात, कधी शेताचा तुकडाही विकावा लागतो.

यातून वाचण्याचा एक साधा नियम आहे : पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, ते पाहावे. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांना मुकादम आगाऊ रक्कम देतो. तिला ‘उचल’ म्हणतात. ही पद्धत कष्टकऱ्यांना कर्जात अडकवते, म्हणून ती काही चांगली नव्हे. परंतु तीतही पैसा काम करवून घेणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे येतो. काम देण्यासाठी जो दाम मागतो, तो काम देणारा नव्हेच. सरकारी भरतीच्या परीक्षेला शुल्क असते, हे खरे. परंतु ते जाहिरातीत छापलेले असते, अधिकृत संकेतस्थळावर भरावयाचे असते आणि परीक्षेस बसण्यासाठी असते. ते नोकरीचे मोल नव्हे.

हा नियम विसरल्यास काय घडते, याचे एक उदाहरण पाहा. २०२२ साली तमिळनाडूतील २८ तरुणांना रेल्वेत नोकरी देण्याचे आमिष दाखवून दिल्लीस नेण्यात आले. पोलिसांकडील तक्रारीनुसार त्यांच्याकडून एकूण २ कोटी ६७ लाख रुपये उकळले गेले होते. नवी दिल्ली स्थानकाच्या फलाटांवर रोज आठ तास उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजणे, हेच तुमचे प्रशिक्षण, असे त्यांना सांगण्यात आले. सुमारे महिनाभर ते तरुण इमानाने डबे मोजीत राहिले. ही गोष्ट हसण्यासारखी नाही. त्यांच्यापैकी पुष्कळ जण उच्चशिक्षित होते. त्यांचे कष्ट खरे होते. नोकरी तेवढी खोटी होती.

फसवणुकीची आणखीही रूपे आहेत. ‘घरी बसून चित्रफितींना पसंती द्या आणि पैसे मिळवा,’ असे सांगून प्रथम शंभर-दोनशे रुपये खरोखर दिले जातात. तो गळाला लावलेला गांडूळ होय. विश्वास बसला की मोठी रक्कम गुंतवण्यास सांगतात आणि ती परत मिळत नाही. कोणी म्हणतो, ‘तुमचे बँक खाते आम्हांस वापरू द्या, दरमहा भाडे देऊ.’ अशा खात्यातून चोरीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात.

परदेशातील नोकरीचे आमिष तर याहून घातक ठरू शकते. थायलंडमध्ये संगणकावरील काम देतो, असे सांगून अनेक भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेण्यात आले आणि तेथे कोंडून त्यांच्याकडून इतरांची ऑनलाइन फसवणूक करवून घेण्यात आली. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना मायदेशी आणले. परदेशी कामासाठी माणसे पाठवणारा मध्यस्थ सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. त्याची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

मग खरे-खोटे कसे पारखावे? संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट पाहावा. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट केवळ सरकारी संस्थांनाच मिळतो. पत्त्याच्या मध्ये सरकारी नाव आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर सावध व्हावे. कंपनीचे नाव सांगितले असेल, तर संदेशातील क्रमांकावर विश्वास न ठेवता त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून क्रमांक शोधून चौकशी करावी. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो देण्यासाठी लागतो.

एवढी काळजी घेऊनही कोणी फसलाच, तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरते. तक्रार वेळीच पोहोचली, तर ती वाटेतच अडवता येते. ज्या ४२० व्या कलमावरून ‘चारशेवीस’ हा शब्द आपल्या बोलीत रूढ झाला, ते भारतीय दंड संहितेतील होते. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून फसवणुकीचा गुन्हा आता ३१८ व्या कलमाखाली येतो. कलम बदलले तरी गुन्हा गुन्हाच राहिला आहे.

विद्यार्थ्यांनो, फसलेला माणूस पुष्कळदा लाजेने गप्प राहतो, आणि त्याच मौनावर ठकांचा व्यवसाय चालतो. परंतु लाज चोराला वाटावयास हवी, ज्याच्या घरी चोरी झाली त्याला नव्हे. तुमच्या घरातील वडीलधारी माणसे मोबाइलवरील मजकूर कदाचित तुमच्याकडूनच वाचून घेत असतील. तेव्हा केवळ अक्षरे वाचून दाखवू नका. ‘थांबा, आधी कोणास तरी विचारू या,’ एवढे नम्रपणे म्हणा. तुमच्या त्या एका वाक्याने घराची वर्षभराची कमाई वाचू शकेल.

अभ्यास

१. ठक नेहमी घाई का करतो?
२. परीक्षेचे शुल्क आणि नोकरीसाठी मागितलेले पैसे यांत कोणता फरक आहे?
३. ‘त्यांचे कष्ट खरे होते, नोकरी तेवढी खोटी होती’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. घरातील मोठ्या माणसांना हा पाठ वाचून दाखवा आणि त्यांचे अनुभव ऐका.