दगडावर उमटलेले संत

चांगदेव वाघावर बसलेले, हातात सापाचा आसूड. समोरून ज्ञानदेव आणि भावंडं चालत्या भिंतीवरून येताहेत. डोळे मिटले तरी दिसतं हे चित्र. आता गंमत बघा. ज्ञानदेवांनी समाधी घेतली 1296 साली, आणि त्यांच्या हयातीतलं एकही चित्र आपल्याकडे नाही. संतांची चरित्रं सांगणारा महिपतींचा ‘भक्तविजय’सुद्धा 1762 चा. घरोघरी पोचलेलं संतांचं रूप पक्कं केलं ते बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातल्या छापखान्यांनी, आणि तेही दगडावर!

शिळाप्रेसची करामत विलक्षण आहे. बव्हेरियात झेनेफेल्डरने ती 1796 च्या सुमारास शोधली. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट शाईने लिहायचं, मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागी टिकतं, तेलकट रेघेवर ठरत नाही. छपाईची शाई नेमकी उलट वागते. कोरणं नाही, खिळे जुळवणं नाही. लेखनिक खास कागदावर सुलट लिहितो, तो कागद दगडावर दाबला की अक्षरं उलटी, छापली की पुन्हा सुलट. ज्या दगडावर ओवी, त्याच दगडावर तिच्यातला संत. चित्रासाठी वेगळा ठसा नको. पोथीचा आडवा आकार, सुटी पानं, वळणदार हस्ताक्षर, सगळं जुनंच राहिलं. छापील पोथी देवघरात शिरली ती या वेषांतरामुळेच, असं मला वाटतं.

सोवळ्याची अडचण होतीच. शाईत चरबी! मुंबईचे छापखानदार गणपत कृष्णाजी यांनी म्हणे तुपाची शाई केली. त्यांचं छापील पंचांग निघालं 1831 मध्ये. असा छापील माल घाटावर पोचायला वाटही तयार होती: आदल्याच वर्षी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला होता. मुंबईहून गलबताने पनवेल बंदर, तिथून बैलगाडीने घाट, अशी पुण्याला जाणाऱ्या मालाची वाट.

छापील चित्रांत रंग पुढे आले. पुण्याचा चित्रशाळा छापखाना 1878 चा. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 चा, तो नंतर घाटापलीकडे मळवलीला गेला. तिथे एकेका रंगासाठी स्वतंत्र दगड लागे.

पनवेलकडे कुणाच्या माळ्यावर रुमालात बांधलेली आडवी पोथी असेल, तर तिच्यातले दोन ‘क’ ताडून बघा. किंचित वेगळे असतील आणि शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव असेल, तर ती शिळाप्रेसची. जीर्ण झाली म्हणून गाढी नदीत सोडू नका. एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला विचारा.